गावची झेडपी शाळा: एक वर्ष पोट्टी टाकून पाह्यली, 5 पैकी 4 स्टार

आधीच सांगतो, मी काही शिक्षणातला जाणकार नाही, पाच एकर वावर आणि एक जुनी हिरो होंडा एवढीच आपली डिग्री. पण फवारणीचा पंप घ्याचा असला तर लोक दहा रिव्ह्यू पाहतात आणि पोट्ट्याले शाळेत टाकताना फक्त दारासमोर व्हॅन येते का एवढंच पाहतात, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून 11 किलोमीटर. शाळा पहिली ते चौथी, दोन खोल्या, एक सर एक मॅडम. माही पोट्टी पहिली-दुसरी तालुक्याच्या कॉन्व्हेंटमध्ये होती, फी 16 हजार, व्हॅनचे महिन्याले 900 वेगळे, ड्रेस बूट पुस्तकं सारं ते सांगतीन त्याच दुकानातून. इंग्रजी पोएम धडाधड म्हणे, पाहुणे आले का आम्ही तिले उभंच करत होतो. पण यष्टीवरची पाटी वाच म्हटलं का गप. तर 2025 च्या जूनमध्ये तिसरीले गावात आणली (इकडे उन्हामुळं शाळा उशिरा उघडते, त्या साली 23 जूनले उघडली). खरं कारण पैसे होते, कापसानं त्या वर्षी काही ठेवलंच नव्हतं, शेजारच्याइले मात्र मातृभाषेतून शिक्षण चांगलं राह्यते असं सांगितलं.

शिकवणं. दिवाळीपर्यंत पोट्टी वाचाले लागली. एक दिवस वावरात औषधाच्या डब्यावरचं बारीक अक्षर वाचून म्हणते, बाबा हातमोजे घाला लिहून आहे, तुम्ही काहून नाही घातले? आपल्या जिल्ह्यात 2017 ले फवारणीत माणसं मेली, ती त्याच साली जन्मली. दुसऱ्या दिवशी हातमोजे आणले. दोन स्टार मी तिथंच देऊन टाकले.

खर्च शून्य. पुस्तकं फुकट, गणवेश फुकट. गणवेशाचं आदल्या वर्षी सारं वरूनच ठरलं होतं, साऱ्या राज्याले एकच कापड, आमच्या इथं तो लय उशिरा आला आणि एका पॅन्टमध्ये दोन पोट्टे मावतीन असा होता, मग सरकारनं तो अधिकार शाळा व्यवस्थापन समितीले परत देला, आता माप घेऊन शिवतात. खिचडी बरी, डोक्यामागं 100 ग्राम तांदूळ, गरम देतात, वटाण्याची उसळ मात्र हमेशा खारट. मावशीले एकदा म्हटलं तर म्हणे तुम्हीच या चुलीजवळ. गेलो नाही.

आता मेन मुद्दा. कायद्यानं शाळेच्या समितीत बारा आणे पालक लागतात, मीटिंगले कोणी येत नव्हतं म्हणून मले पकडून सदस्य केलं आणि तिथं पैशाचा हिशोब पाह्यला तर डोकंच फिरलं. शाळेले संयुक्त शाळा अनुदान म्हणून वर्षाले पैसे येतात, ते पटावर. पट 30 पर्यंत असला का 10,000, 31 ते 100 असला का 25,000. आमचा पट होता 33. व्हॅन गावात याले लागली, चार पोट्टे गेले, झाले 29. चार पोट्ट्याइपायी 15,000 गेले! आता मले सांगा, चार पोट्टे कमी झाले तर कवेलू कमी गळतीन का? हापशी कमी बिघडन का? खोली झाडाची तेवढीच, संडास धुवाचे तेवढेच. आणि त्या 10,000 मधले 10 टक्के स्वच्छतेवरच लावा लागतात, उरलेल्यात खडू, रजिस्टर, लाइटचं बिल, टीव्हीचं रिपेअर. सारे 10,000 धरले तरी महिन्याचे 833 रुपये पडतात, माह्या घरचा मोबाइल आणि डिश मिळून त्याच्या वर जाते. बरं ते पैसे बी मार्चच्या तोंडावर येतात, तोपर्यंत उधारी. ऑगस्टमध्ये लाइनमन येऊन कनेक्शन कापून गेला, लोकवर्गणीचा टीव्ही दीड महिना फडक्याखाली, शेवटी मॅडमनं पदरचे भरले. मॅडमले वेगळा एक स्टार देता येत असन तर द्या बाप्पा.

आणि एकच पायरी नाही, अशा पायऱ्या जागोजागी आहेत. खिचडीवाल्या मावश्या 26 पोट्ट्याइपासून दोन, 25 झाले का एक, त्याइचं मानधन महिन्याले 2,500, त्यावर बी टांगती तलवार. कायद्यानं 60 पर्यंत दोन शिक्षक पाहिजेत, पण पट 20 च्या खाली गेला का दुसऱ्या जागेवर डोळा असतेच. 2024 च्या सप्टेंबरात तर अशा शाळेत एक जागा कंत्राटी भराचं काढलं होतं, 15,000 मानधनावर, मग ते रद्द झालं. त्याच्या आधी 2023 ले समूह शाळेचा विषय, म्हणजे 20 च्या खालच्या शाळा एकत्र करून पोट्टे गाडीनं न्याचे. आमच्या इकडचे रस्ते पावसाळ्यात ज्यानं पाह्यले त्याले हे सुचूच शकत नाही. पट कमी म्हणून पैसे नाही, पैसे नाही म्हणून भिंती काळ्या, आणि त्या काळ्या भिंती पाहून पालक व्हॅनकडे पाहते. मी बी तसाच पाह्यलो होतो ना, दोन वर्षं.

सरकारची बी एक बाजू आहे म्हणा. 2011 च्या ऑक्टोबरात साऱ्या राज्यात तीन दिवस पटपडताळणी झाली होती, कागदावरचे पोट्टे लय सापडले होते, त्यामुळं आता आधार पाहिजे. आधार व्हॅलिड नसलं का संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेले किती शिक्षक ते ठरवाच्या मोजणीत, पोट्टं धरतच नाही. पण आमच्या इथं पोट्टं वर्गात बसून पाढे म्हणते, आणि आधारवर बापाच्या नावात एक वेलांटी चुकली म्हणून ते मोजणीत नाही, याले काय म्हणावं.

एक स्टार काहून कापला? सरांपायी. माणूस चांगला, पण कधी मतदार यादीच्या ड्युटीवर, कधी पिंपळाखाली नेटवर्क पाहत माहिती भरत, तेव्हा मॅडम एकटी चार वर्ग एका खोलीत घेऊन बसते, पहिलीचे पोट्टे चौथीचं गणित ऐकतात. माह्या पोट्टीनं तसंच बसून चौथीचा भागाकार तिसरीतच उचलला, ते वेगळं.

सध्याचा हिशोब सांगतो. माही पोट्टी आली तेव्हा 29 चे 30 झाले. यंदा चौथीतले 6 जातात, पहिलीत 6 नावं लिहून आहेत, म्हणजे पुन्हा 30. फक्त एक पोट्टं पाहिजे, एक! 30 सप्टेंबरच्या आधी, त्या तारखेचा पट धरतात.

समोरच्या काकूचा नातू सहा वर्षांचा झाला. परवा गेलो चहाले. काकू म्हणे, तुमच्या शाळेची व्हॅन येते का? म्हटलं काकू, शाळा तुमच्या अंगणातून दिसते. म्हणे, ते बरोबर आहे पण व्हॅन असली का बरं वाटते. म्हटलं मी हिरो होंडावर रोज नेऊन देतो, हॉर्न बी वाजवतो दारात. हसली काकू, पोराले विचारतो म्हणे. मी म्हटलं विचारा, पण आधी त्याचं आधार कार्ड दाखवा, वेलांट्या नीट आहेत का पाहून घेऊ.