पोलिसांचं दप्तर: खात्याचा अंमलदार की कंत्राटी ऑपरेटर?

पुणे पोलिसांचा खर्च महापालिका नव्हे, राज्याचं गृहखातं उचलतं. त्यामुळे अभिलेख कक्षासाठी, म्हणजे जुनी कागदपत्रं ठेवायच्या खोलीसाठी, पैसे मागायचे तर फाईल मंत्रालयात जाते, आणि बंदोबस्त, गाड्यांपुढे जुन्या गठ्ठ्यांची पाळी शेवटी येते.

मग हे दप्तर सांभाळायचं कुणी? पहिला पर्याय, खात्यातलाच अंमलदार. त्याला गुन्हा रजिस्टर, स्टेशन डायरी, कुठला कागद कोर्टात लागेल, हे तोंडपाठ असतं. गोपनीयता मोडली तर खातेनिहाय चौकशी होते. पण गणपतीत तोच माणूस लक्ष्मी रोडला उभा, आणि दप्तराला कुलूप!

दुसरा, कंत्राटी ऑपरेटर. स्कॅनिंग झपाट्यानं होतं, पगाराचा बोजा कायमचा नाही. मात्र कंत्राट संपलं की शिकलेला माणूसही जातो. शिवाय पीडितांची नावं बाहेरच्यांच्या नजरेखालून जातात, हे मला खटकतं.

सीसीटीएनएसला, म्हणजे देशभरातली पोलीस ठाणी जोडणाऱ्या गुन्हे-नोंदींच्या संगणक जाळ्याला, २००९ मध्ये केंद्रानं २,००० कोटी मंजूर केले. म्हणजे यंत्रणा उभारायला पैसा मिळतो, रोज चालवायला मात्र ओढाताण. कागदांच्या प्रतींचं शुल्क वाढवून ती मिटणार नाही: फिर्यादीला एफआयआरची प्रत कायद्यानं मोफतच द्यावी लागते.

माझं मत? जुने गठ्ठे कंत्राटदाराकडून, पण ठाण्यातच आणि अंमलदाराच्या देखरेखीखाली स्कॅन करावेत. चालू गुन्ह्यांना बाहेरच्यानं हात लावू नये.