ब्रोमिन वॉटर की परमँगनेट?
अल्केन (कार्बन-कार्बनमध्ये फक्त एकेरी बंध) आणि अल्कीन (त्यात दुहेरी बंध) वेगळं ओळखायला यातली कुठली टेस्ट करू, असं विचारलंय. दिसायला दोन्ही सोप्या, अल्कीन असेल तर ब्रोमिनचा नारिंगी रंग उडतो, थंड विरल पोटॅशियम परमँगनेटचा जांभळा जातो आणि खाली मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गाळ बसतो. खरा फरक फसण्यात आहे! परमँगनेट ऑक्सिडीकारक, त्यामुळे अल्डिहाइड, कधी कधी अल्कोहोलही त्याचा रंग घालवतं. ब्रोमिनला फिनॉल फसवतं, पण तिथे पांढरा गाळ येतो म्हणून लगेच कळतं, फक्त उन्हात करू नका कारण तिथे अल्केनही प्रतियोजनाने (हायड्रोजनच्या जागी ब्रोमिन बसून) हळूहळू रंग घालवतं. ब्रोमिनची वाफ मात्र घातक, फ्यूम हूड (वाफ बाहेर ओढणारं कपाट) हवंच, विरल परमँगनेटने फार तर बोटं डागाळतात. बेंझीन दोघांनाही दाद देत नाही. वर्गात सगळ्यांनी मिळून करायचं असेल तर परमँगनेट घ्या, नमुन्यात अल्कोहोलची शंका असेल तर ब्रोमिन.