हॉर्न नसलेली गाडी : ‘मॉरल मशीन’ वापरून पाहिल्यानंतर

यंत्रांच्या नीतिमत्तेवर मते मांडणारे पुष्कळ भेटतात, पण त्या विषयावर आपल्याला स्वतः निर्णय घ्यायला बसवणारी जागा क्वचितच सापडते. अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमधील संशोधकांनी जून २०१६ मध्ये खुले केलेले ‘मॉरल मशीन’ हे संकेतस्थळ ही अशी एक जागा आहे. तिथे पैसे लागत नाहीत, नावगाव द्यावे लागत नाही आणि पंधरा मिनिटांत एक फेरी पुरी होते. मी तिच्या चार फेऱ्या केल्या, त्यांपैकी एक आईला शेजारी बसवून. अनुभव म्हणून ही जागा मला फार आवडली. तिच्यातून निघालेल्या निष्कर्षांवर मात्र तितका विश्वास बसला नाही, आणि त्याची कारणे थोडी सविस्तर सांगावी लागतील.

रचना अगदी साधी आहे. एका फेरीत १३ प्रसंग येतात आणि प्रत्येक प्रसंगात, वरून पाहिल्यासारखी, रस्त्याची दोन चित्रे शेजारी शेजारी असतात. चालकरहित मोटारीचे ब्रेक निकामी झालेले आहेत. ती सरळ गेली तर काही जण मरतील, वळली तर दुसरे काही. ज्यांचा मृत्यू ओढवणार त्यांच्यावर कवटीची खूण असते आणि आपण दोहोंपैकी एका चित्रावर क्लिक करायचे असते. पात्रे एकूण २० प्रकारची आहेत: स्त्री, पुरुष, मुलगा, मुलगी, बाबागाडीतले बाळ, गरोदर स्त्री, वृद्ध, डॉक्टर, खेळाडू, कंपनीतले अधिकारी, स्थूल माणसे, बेघर, गुन्हेगार, आणि कुत्रा व मांजरसुद्धा. कधी ती गाडीत असतात, कधी रस्ता ओलांडत असतात. ओलांडताना कधी सिग्नल त्यांच्या बाजूने असतो, कधी नसतो. चित्रावरून उलगडा होत नसेल तर वर्णनाचे बटण दाबता येते. ते प्रत्येक वेळी दाबावे, असा माझा सल्ला आहे, कारण बोटाच्या पेराएवढ्या आकृतीवरून कोण काय आहे हे ओळखणे कठीण जाते, आणि पहिल्या फेरीत मी एका डॉक्टरबाईंना न ओळखताच यमसदनी धाडले होते.

या कोड्याचे मूळ जुने आहे. इंग्लंडमधील तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये एका निबंधात ताबा सुटलेल्या ट्रामचे उदाहरण मांडले: रुळावर पाच माणसे, दुसऱ्या रुळावर एक, आणि चालकाच्या हातात ट्राम वळवण्याची संधी. त्यानंतर अर्धशतकभर हे कोडे बहुतांशी तत्त्वज्ञानाच्या वर्गात राहिले. यंत्राने त्यात एक मोठा बदल केला आहे. माणूस चालवत असताना जो निर्णय घाबरून, क्षणार्धात होतो, तो यंत्राच्या बाबतीत कुणीतरी महिनोन्‌महिने आधी, वातानुकूलित खोलीत बसून, शांत डोक्याने लिहून ठेवलेला असतो. घाबरलेल्या चालकाला आपण समजून घेतो. लिहून ठेवलेल्या नियमाला समजून घ्यायचे की त्याचा जाब विचारायचा, हा प्रश्न नवा आहे, आणि तो सामान्य माणसासमोर इतक्या थेटपणे ठेवल्याबद्दल या संशोधकांना पूर्ण श्रेय द्यायला हवे.

आता आईच्या फेरीविषयी. ती निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे आणि कोणताही प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर द्यायचे नाही, ही तिची सवय अजून गेलेली नाही. मजकूर इंग्रजीत असल्यामुळे मी एकेक प्रसंग मराठीत सांगत होतो. पहिल्या चित्रात गाडीत एक गरोदर स्त्री आणि एक मुलगा होता, तर समोर तीन वृद्ध लाल सिग्नल असताना रस्ता ओलांडत होते. तिने चष्मा सारखा केला आणि विचारले, “या गाडीला हॉर्न नाही का?” मी म्हटले, नाही, दोनच पर्याय आहेत. “मग ब्रेक न बघता गाडी रस्त्यावर आणलीच कुणी?” मी म्हटले, तेही इथे विचारायचे नाही. तीन प्रसंग तिने कसेबसे निभावून नेले. चौथ्यात एकीकडे बेघर माणूस आणि दुसरीकडे अधिकारी आल्यावर तिने खुर्ची मागे सरकवली. “तुला काय दाबायचंय ते दाब. कोणी मरायचं ते मी नाही सांगणार.”

संकेतस्थळावर नेमकी हीच सोय नाही. ‘मी निवड करणार नाही’ किंवा ‘सगळ्यांना सारखेच माना’ असे म्हणायला जागाच ठेवलेली नाही. निवडा, नाहीतर फेरी सोडा. हा आक्षेप केवळ आमच्या घरचा नाही. योखानन बिगमन आणि कर्ट ग्रे या मानसशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, माणसामाणसांत भेद न करण्याचा तिसरा पर्याय समोर ठेवला तर बहुसंख्य लोक तोच उचलतात. स्त्री की पुरुष, श्रीमंत की गरीब, असे दोनच पर्याय दिल्यावर येणारे उत्तर हे लोकांच्या मनातले असते की प्रश्नपत्रिका काढणाऱ्याच्या, असा संशय त्यामुळे येतो. आईने या प्रयोगातील सर्वांत मोठी उणीव चौथ्या प्रश्नालाच पकडली होती.

फेरी संपली की निकालपत्र मिळते. सर्वाधिक वाचवलेले पात्र कोणते, सर्वाधिक मारलेले कोणते, आणि मग संख्या, कायदा, प्रवाशांचे रक्षण, वय, लिंग, शरीरयष्टी, सामाजिक प्रतिष्ठा यांना तुम्ही किती महत्त्व देता ते इतरांच्या तुलनेत पट्ट्यांवर दाखवतात. हा भाग आकर्षक आहे आणि तितकाच फसवा. दुसऱ्या फेरीत मी एकच नियम पाळायचे ठरवले होते: गाडीने आपली वाट बदलायची नाही. निकालात माझे सर्वांत लाडके पात्र मांजर निघाले आणि तरुणांविषयी मला बरीच अढी असल्याचे दिसले. मी वयाचा किंवा मांजराचा विचार एकदाही केला नव्हता. माझ्या वाट्याला आलेल्या प्रसंगांत मांजरे योगायोगाने बाजूच्या वाटेवर होती, एवढेच. अवघ्या १३ उत्तरांवरून एका माणसाचे नैतिक चरित्र रेखाटता येत नाही. लाखो लोकांची उत्तरे एकत्र केल्यावर असे योगायोग एकमेकांना छेद देतात आणि आकडेवारीला अर्थ येतो, हे खरे. परंतु एकट्या वापरणाऱ्याने आपल्या निकालपत्राकडे वर्तमानपत्रातल्या राशिभविष्याइतक्याच गांभीर्याने पाहावे.

एकत्रित निष्कर्ष मात्र खरोखर वाचनीय आहेत. एडमंड अवाद, इयाद रहवान आणि सहकाऱ्यांनी ते ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. २३३ देश व प्रदेशांतून, १० भाषांत, जवळजवळ ४ कोटी निर्णय गोळा झाले होते. प्राण्यांपेक्षा माणसे, थोड्यांपेक्षा जास्त जीव आणि वृद्धांपेक्षा लहान मुले वाचवावीत, या तीन बाबींवर जगभर सर्वांत जास्त एकमत दिसले. त्यापुढे मात्र वाटा फुटतात. जपान, तैवान, इंडोनेशिया, सौदी अरेबिया अशा देशांच्या गटात तरुणांना झुकते माप देण्याचा कल बराच कमी आढळला. जिथे कायद्याची यंत्रणा दुबळी आहे, तिथल्या लोकांनी नियम मोडून रस्ता ओलांडणाऱ्याला अधिक सहज माफ केले. उत्तरे देणाऱ्यांत तरुण, शिकलेले आणि पुरुष यांचा भरणा होता, हेही संशोधकांनी लपवलेले नाही. याच संशोधकांपैकी तिघांनी २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडलेली गंमत तर आपल्या प्रत्येक सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत खरी ठरेल अशी आहे: जास्त जीव वाचवण्यासाठी प्रवाशाचा बळी देणारी गाडी इतरांनी घ्यावी असे लोकांना वाटते, स्वतःला मात्र प्रवाशाला वाचवणारीच गाडी हवी असते.

एका निष्कर्षापाशी मी बराच वेळ थांबलो. ज्या देशांत आर्थिक विषमता अधिक, तिथले लोक प्रतिष्ठितांना वाचवण्याकडे आणि बेघरांना सोडून देण्याकडे अधिक झुकले. माणसाच्या जिवाची किंमत त्याची पायरी पाहून करण्याचा इतिहास ज्या समाजाला आहे, त्याने हा आलेख कुतूहलाने पाहून पुढे जाऊ नये. लोकांचा कौल घेऊन यंत्राला नीती शिकवायची, ही कल्पना वरवर लोकशाहीची वाटते, आणि याच माहितीवरून मतदानासारखी निर्णयपद्धती बांधण्याचा प्रयत्न २०१८ मध्ये झालाही आहे. पण गावाचा कौल घेतला असता तर पाणवठे कधी खुले झाले असते? जर्मनीने नेमलेल्या नीती-आयोगाने २०१७ मध्ये स्वयंचलित वाहनांसाठी जे २० नियम मांडले, त्यांत अटळ अपघाताच्या वेळी वय, लिंग, शारीरिक वा मानसिक स्थिती यांवरून भेद करण्यास स्पष्ट मनाई आहे. म्हणजे या प्रयोगातले निम्मेअधिक प्रश्न त्या आयोगाच्या दृष्टीने विचारण्याजोगेच नाहीत. मला आयोगाची बाजू पटते.

माझा मुख्य आक्षेप मात्र याहून वेगळा आहे. या संकेतस्थळावरच्या गाडीला सगळे दिसते: समोरचा डॉक्टर आहे, त्याच्या शेजारी गरोदर स्त्री आहे, त्यांना सिग्नल लाल आहे. प्रत्यक्षातली गाडी यातले फारच थोडे जाणते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टेंपी येथे १८ मार्च २०१८ रोजी रात्री दहाच्या सुमारास एक ४९ वर्षांची स्त्री सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती आणि चाचणीवर असलेल्या उबरच्या स्वयंचलित गाडीने तिला धडक दिली. स्वयंचलित गाडीने पादचाऱ्याचा जीव घेतल्याची ही पहिली नोंद. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अहवालाप्रमाणे गाडीच्या रडारला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. प्रणालीने तिला कधी वाहन ठरवले, कधी ‘इतर’, कधी सायकल, आणि दर वेळी ओळख बदलताना ती आधी कशी सरकत होती याचा हिशेब पुसला जात राहिला. क्रॉसिंग सोडून चालणारा माणूस असू शकतो, हे त्या प्रणालीत धरलेलेच नव्हते. खोट्या इशाऱ्यांनी गाडी सारखी थांबू नये म्हणून धोका जाणवल्यावरही एक सेकंद काहीच न करण्याची तरतूद होती, गाडीच्या मूळ उत्पादकाने बसवलेली आपत्कालीन ब्रेकची यंत्रणा स्वयंचलित चाचणीच्या वेळी बंद ठेवली जात असे, आणि देखरेखीला बसवलेल्या व्यक्तीची नजर रस्त्यावर नव्हती.

इथे कोणाला वाचवावे हा प्रश्न उभाच राहिला नाही, कारण समोर कोण आहे हेच गाडीने ठरवलेले नव्हते. नैतिक निर्णय झाले ते आधी झाले, आणि ते तांत्रिक निर्णय म्हणून झाले: एक सेकंद थांबायचे, अमके बंद ठेवायचे, क्रॉसिंगबाहेरचा माणूस गृहीत धरायचा नाही. ‘मॉरल मशीन’मध्ये यांपैकी एकही प्रश्न नाही. आईने विचारलेला ब्रेकचा प्रश्न याच जातीचा होता.

आपल्याकडे तर हे अधिकच खरे. क्रॉसिंगबाहेर चालणारा माणूस अपवाद मानणारी गाडी लक्ष्मी रोडवर आणली, तर ती अपवादांच्या समुद्रात उभी राहील. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांत ३२,८२५ पादचारी होते. नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएममध्ये बोलताना चालकरहित गाड्या भारतात येऊ देणार नाही असे पुन्हा सांगितले, आणि कारण दिले ते चालकांच्या रोजगाराचे. ही भूमिका कायम टिकेल की नाही हा वेगळा विषय. पण चालकाच्या पोटाचा प्रश्नही यंत्रांच्या नीतिमत्तेत येतो, आणि १३ प्रसंगांच्या फेरीत त्याला जागा नाही.

एवढे दोष काढूनही मी ही जागा इतरांना सुचवीन. अकरावी-बारावीच्या किंवा अभियांत्रिकीच्या वर्गात एक तास द्यावा, प्रत्येक प्रसंगावर आधी हात वर करून कौल घ्यावा आणि मग कारणे विचारावीत. चर्चा तापवायला एवढे सोपे साधन दुसरे मला ठाऊक नाही. मोबाइलवरही चालते, परंतु बारीक चित्रांसाठी संगणकाचा पडदा बरा. भाषेची अडचण मोठी आहे. दहा भाषांत अरबी, कोरियन, पोर्तुगीज आहेत; मराठी नाही आणि हिंदीही नाही, त्यामुळे भारतातून आलेली उत्तरे मुख्यतः इंग्रजी वाचणाऱ्यांची असणार, हे ध्यानात ठेवूनच आपल्याविषयीचे आकडे वाचावेत. गुण द्यायचेच तर चर्चेचे साधन म्हणून पाचपैकी साडेचार आणि यंत्राला नियम लिहून देण्याचा आधार म्हणून दोन.

शेवटी एक विभाग उरतो, स्वतः प्रसंग रचण्याचा. पात्रे निवडायची, ती कोणत्या वाटेवर ठेवायची ते ठरवायचे, सिग्नल लावायचे, अडथळा ठेवायचा. मी टेंपीचा प्रसंग मांडून पाहायला बसलो. स्त्री मिळाली, रस्ता मिळाला. सायकल यादीत नव्हती, आणि रात्र करण्याचे बटणही कुठे सापडले नाही.