मॉर्गन डॉलर की पीस डॉलर?

अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या डॉलरांचा संग्रह करताना मॉर्गन आणि पीस या दोन मालिकांतून निवड करावी लागते. दोन्ही नाण्यांचे वजन 26.73 ग्रॅम असून त्यांत 90 टक्के चांदी असते. मॉर्गन डॉलर 1878 ते 1904 आणि पुन्हा 1921 मध्ये पाडला गेला; प्रत्येक वर्षाचे आणि प्रत्येक टांकसाळीचे नाणे वेगळे धरले जात असल्याने कार्सन सिटीसह पाच टांकसाळींमुळे त्याची मालिका फार लांबते, आणि 1893 चे सॅन फ्रान्सिस्कोचे नाणे, ज्याचे फक्त एक लाख नग पाडले गेले, बहुतेकांच्या आवाक्याबाहेरच राहते. पीस डॉलरची मालिका मात्र 1921 ते 1935 एवढीच, तीही मध्ये खंडित, आणि अवघ्या 24 नाण्यांची असल्याने नवख्या संग्राहकाने, माझ्या मते, तीच आधी पूर्ण करावी.