ब्रेस्ट रिडक्शन: करून घ्यावं, टाळावं की थोडं थांबावं?

रात्री कपडे बदलताना खांद्यावर ब्राच्या पट्टीने पडलेली खाच बोटाने चाचपून बघायची मला जुनी सवय. पूर्वी ती सकाळपर्यंत बुजायची. पस्तिशीनंतर बुजेनाशी झाली आणि ब्रेस्ट रिडक्शनचा, म्हणजे स्तन लहान करण्याच्या ऑपरेशनचा विचार पहिल्यांदा डोक्यात आला. ठरवायला त्यानंतर चार वर्षं लागली. मी शेवटी ते करून घेतलं, हे आधीच सांगते, म्हणजे माझा कल कुठे आहे ते धरून वाचता येईल.

सगळ्यात आधी आपली तक्रार कसली आहे ते बघा. मान-खांदे भरून येणं, पाठ दुखणं, स्तनांखालच्या घडीत घाम साचून खाज आणि चट्टे उठणं, जिना उतरताना हाताने छाती सावरावी लागणं, या झाल्या वजनाच्या तक्रारी. शर्टाची बटणं ताणतात, लोक बघतात, फोटो नकोसा वाटतो, या दिसण्याच्या. बहुतेकींच्या मनात दोन्हींची सरमिसळ असते. पण वजनाच्या तक्रारींना ऑपरेशनचा गुण चांगला येतो. दिसण्याच्या तक्रारीत मात्र एक नावड जाऊन तिथे दुसरी, म्हणजे वणांची, येऊन बसू शकते. तुमचं पारडं दुसऱ्या बाजूला जड असेल तर घाई करू नका.

ऑपरेशन न करता

पहिला उपाय ब्रा. हसू नका, मी स्वतः कित्येक वर्षं चुकीची घालत होते. छातीचा भार खांद्यावरच्या पट्ट्यांनी नाही, छातीभोवतीच्या घेराने पेलायचा असतो. पट्ट्या खांद्यावरून खाली सोडून बघा. ब्रा जागेवरून हलली तर घेर सैल आहे. मोठ्या छातीच्या बायका सर्रास सैल घेर आणि लहान कप घेतात, मग सगळं ओझं खांद्यावर येतं. नीट मापाची ब्रा दोन-तीन महिने वापरून दुखणं निम्म्यावर आलं, तर ऑपरेशन खुशाल पुढे ढकला. घडीतले चट्टे मात्र ब्राने पूर्ण जात नाहीत. तिथे त्वचेवर त्वचा टेकलेलीच राहते. जागा कोरडी ठेवणं आणि बुरशी असेल तर मलम, एवढंच हातात उरतं.

दुसरा उपाय वजन कमी करणं. स्तनात चरबी किती आणि दुधाच्या ग्रंथींचा भाग किती, हे प्रत्येकीचं वेगळं असतं. त्यामुळे पाच किलो उतरल्यावर एकीची छाती लहान होते, दुसरीचा फक्त चेहरा ओढल्यासारखा दिसतो. तरीही अंगावर बरंच जास्त वजन असेल तर ते आधी उतरवण्यात शहाणपण आहे. जखमेचे त्रास कमी होतात, आणि ऑपरेशननंतर वजन उतरून स्तन पुन्हा ओघळण्याची भीती राहत नाही. पण ‘आधी वजन उतरवा, मग बोलू’ म्हणून बाईला परत पाठवणारे डॉक्टर मला पटत नाहीत. ही छाती घेऊन धावायचं कसं, ते कोणी सांगत नाही.

फिजिओथेरपीने पाठीचे स्नायू बळकट होतात, बरं वाटतं, व्यायाम सोडला की दुखणं परत येतं. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाचा निष्कर्षही असाच होता: खास ब्रा, वजन घटवणं, फिजिओथेरपी यांनी कायमचा आराम पडला नाही, शस्त्रक्रियेने मात्र लक्षणीय फरक पडला.

ऑपरेशन केलं तर

पूर्ण भूल देतात, साधारण दोन ते चार तास लागतात. जादा त्वचा, चरबी आणि ग्रंथींचा भाग काढतात. स्तनाग्र बहुधा सुटं करत नाहीत. रक्तवाहिन्या असलेल्या मांसाच्या पट्ट्याला जोडलेलंच ठेवून वर सरकवतात.

टाके कुठे येतील यावरून पद्धती ठरतात. जहाजाच्या नांगराच्या आकाराच्या पद्धतीत स्तनाग्राभोवती, तिथून सरळ खाली आणि खालच्या घडीत असे तीन वण राहतात. 1956 मध्ये वाइझ नावाच्या सर्जनने मांडलेला आराखडा यासाठी अजून वापरतात. छाती खूप मोठी किंवा ओघळलेली असेल तर बहुधा हीच पद्धत. उभ्या पद्धतीत घडीतला वण वाचतो. नुसत्या लायपोसक्शनला, म्हणजे नळीने चरबी ओढून काढण्याला, वण नगण्य, पण त्याने ओघळ वर जात नाही आणि ग्रंथींचा भागही फारसा निघत नाही. वण कमी म्हणून पद्धत निवडू नका. घडीतला वण तसाही झाकलेला असतो, आकार मात्र रोज आरशात दिसतो.

आता किंमत. वण कायमचे. आधी काही महिने लाल, मग वर्ष-दीड वर्षात फिके. केलॉइड, म्हणजे वण जाड होऊन फुगत जाणारी गाठ, होण्याची प्रवृत्ती असेल तर हा मुद्दा फार वर ठेवा. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, क्वचित कायमची जाते. माझी एका बाजूची अर्धवट परतली. आणि उभा वण घडीतल्या वणाला मिळतो त्या कोपऱ्यावर तिसऱ्या आठवड्यात शर्टाच्या बटणाएवढी जखम उघडली. ‘असं सहसा होत नाही’ असं डॉक्टर म्हणाले. प्रत्यक्षात ही नेहमी आढळणारी अडचण आहे, हे मला नंतर कळलं. महिनाभर ड्रेसिंग केल्यावर ती भरली. स्तनाग्राचा रक्तपुरवठाच तुटणं दुर्मिळ, पण धूम्रपान करणाऱ्यांत धोका वाढतो. आधी आणि नंतर किमान चार आठवडे सिगारेट बंद हवी.

दुखण्यापेक्षा कंटाळा जास्त येतो. उताणं झोपायचं, सपोर्ट ब्रा रात्रंदिवस. बैठं काम एक-दोन आठवड्यांत जमतं. जड वजन, मूल कडेवर घेणं, हे चार ते सहा आठवडे नाही. खरा आकार दिसायला सहा महिने ते वर्ष जातं.

आत्ता की नंतर

मला वाटतं, खरी तुलना इथे आहे. ऑपरेशननंतर अंगावर पाजता येईलच याची हमी नाही. अनेकींना थोडंफार दूध येतं, काहींना पुरेसं. पण छाती फारच मोठी असल्यास कधीकधी स्तनाग्र पूर्ण सुटं करून लावावं लागतं, तेव्हा पाजणं संपतं. शिवाय गरोदरपणात आकार पुन्हा बदलतो. येत्या वर्ष-दोन वर्षांत मूल हवं असेल तर थांबा. ‘कधीतरी’ हवं असेल, तर त्या कधीतरीसाठी दहा वर्षं पाठ दुखवून घ्यायची का, हे तुम्हीच ठरवायचं. तिथे सासूचं किंवा आईचं मत विचारात घेऊ नका. विशीच्या आत वाढ थांबली आहे का ते आधी बघतात, कारण स्तन पुन्हा वाढू शकतात. चाळिशीपुढे आधी मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करतात, आणि काढलेला भाग तपासणीला जातो.

सर्जनकडे जाताना फोटो न्या. मी नुसतं ‘लहान’ म्हणाले होते. कपच्या अक्षराची हमी कोणी देत नाही, पण प्रत्येक बाजूने अंदाजे किती ग्रॅम काढणार ते विचारता येतं. ऑपरेशनच्या सकाळी उभं करून पेनाने छातीवर रेघा मारतात, कारण आडवं झाल्यावर छाती पसरते आणि माप चुकतं. बोलायचं असेल ते त्या रेघा सुकायच्या आत बोला.