तोच चार गिअरचा, की पाचवा गिअर? जुन्या गाडीचा गिअरबॉक्स बदलताना

मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाडीचा चार गिअरचा बॉक्स कामातून गेला की दोन वाटा समोर येतात. त्याच मॉडेलचा दुसरा बॉक्स शोधायचा, किंवा एवीतेवी खोललंच आहे तर पाच गिअरचा बसवून टाकायचा. मी एका गाडीत पाचचा बसवलाय आणि दुसरीत तोच चारचा. दोन्ही गाड्या चालत्या आहेत, त्यामुळे अमुकच बरोबर असं काही मी म्हणणार नाही. पण झुकतं माप कुठे आहे ते लपणारही नाही.

पाचवा गिअर लांबच्या रस्त्यावर खरंच सुखाचा. चौथा सरळ १:१ असतो, म्हणजे बॉक्समधून बाहेर जाणाऱ्या एका फेऱ्याला इंजिनचा एक फेरा, आणि पाचवा साधारण ०.८ च्या आसपास, म्हणजे जिथे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर ओरडत होतं तिथे ते २४०० वर येतं. गाडीत बोलायला आवाज चढवावा लागत नाही. शिवाय नव्या पिढीच्या बॉक्सचे सिंक्रो (गिअर टाकताना दोन्हीकडचा वेग जुळवणाऱ्या कड्या) चांगले असतात, दुसऱ्या गिअरला दात खरखरत नाहीत. अ‍ॅडॉप्टर प्लेट, जुळणाऱ्या स्प्लाइनची (शाफ्टवरच्या खाचांची) क्लच प्लेट, सरकवलेला क्रॉसमेंबर (बॉक्सला खालून धरणारा आडवा पट्टा), स्पीडोमीटरचा चुकणारा काटा ही सगळी एकदाची कटकट. ती निस्तरते.

न निस्तरणारी गोष्ट वेगळी. पाच गिअरचा बॉक्स बहुधा लांब असतो, म्हणून प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे बॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलवरच्या डिफरन्शियलपर्यंत जाणारा फिरता दांडा, कापून आखूड करावा लागतो. पुढच्या-मागच्या टोकांच्या उंचीतला फरक साधारण तेवढाच राहतो आणि शाफ्ट मात्र आखूड होतो, म्हणजे तो जास्त तिरका बसतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना वाकू शकणारा युनिव्हर्सल जॉइंट असतो; तो कोनात फिरला की शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो. पुढच्या जॉइंटने केलेला हा घोळ मागच्या जॉइंटने पुसायचा असतो आणि त्यासाठी दोन्हीकडचे कोन सारखे लागतात. दोघांत एका अंशापेक्षा जास्त फरक नको, आणि प्रत्येक कोन तीन अंशांच्या आत असलेला बरा. अगदी शून्यही नको, कारण मग जॉइंटच्या क्रॉसमधल्या बेअरिंगच्या सुया हलत नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात.

हे कागदावर सोपं आहे. माझ्या गाडीत ठरावीक वेगाला, अ‍ॅक्सिलरेटरवर हलका पाय असताना, जमिनीतून घूं असा आवाज यायचा. पाय उचलला की गायब. बॉक्सच्या मागच्या माउंटिंगखाली पॅकिंग घातलं की घुमणं कमी व्हायचं, पण गिअरचा दांडा बोगद्याच्या (बॉक्सवरच्या तळाच्या फुगवट्याच्या) पत्र्याला लागायचा. पत्रा कापला, तर तेवढ्याच पॅकिंगने सायलेन्सरचा पाइप तळाला टेकू लागला. पाट्यांच्या स्प्रिंगखाली पाचर घालून डिफरन्शियलचं नाक खाली केलं, तेव्हा जोर देताना बरं आणि उतारावर वाईट. जोर लागला की ते नाक आपोआप वर उचलतं, म्हणून उभ्या गाडीत ते अंशभर खाली ठेवायचं असतं. हा अंशभर नेमका किती, हे प्रत्येक गाडी आपलं आपण ठरवते. आणि गंमत अशी, की प्रोपेलर शाफ्टच्या फेऱ्यांना पाचव्या गिअरने काहीच फरक पडत नाही. तो बॉक्सच्या पलीकडे आहे, त्याला फक्त गाडीचा वेग कळतो. पूर्वी हीच थरथर थोडीफार असली तरी इंजिनच्या गोंगाटात बुडायची. इंजिन शांत केलं आणि ती ऐकू येऊ लागली. आता माझ्या गाडीत ती जवळजवळ नाही. बाकीच्यांना ऐकू येत नाही, मला येते.

दुसऱ्या गाडीच्या वेळी मी त्याच मॉडेलचा वापरलेला बॉक्स घेतला तो यामुळेच. लांबी तीच, माउंटिंग तेच, शाफ्टला हात लावायचा नाही. त्याचीही कुरबुर आहेच: आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. तेल काढून बघावं. पितळेची बारीक चमक चालते, पोलादाचे कण दिसले तर बॉक्स परत करावा. इनपुट शाफ्ट (बॉक्समधून इंजिनकडे येणारा दांडा) हाताने फिरवत सगळे गिअर टाकून पाहावेत. पुढचं-मागचं सील, रिलीज बेअरिंग (क्लच दाबणारं) आणि पायलट बुश किंवा बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक क्रँकमध्ये धरणारं) मात्र न विचारता बदलावेत, कारण त्यांच्यासाठी पुन्हा सगळं खाली उतरवणं ही शिक्षा आहे. चढवताना बॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवर लटकू दिलं की क्लच प्लेट वाकते, तेव्हा जॅक सोडायची घाई नको.

यात एकच अट: बेलहाउसिंग, म्हणजे इंजिन आणि बॉक्स यांच्यामधलं क्लचभोवतीचं कवच, आपल्याच इंजिनचं ठेवा, बॉक्ससोबत आलेलं नको. दुसरं लावावंच लागलं, किंवा अ‍ॅडॉप्टर प्लेट आली, तर फ्लायव्हीलवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं माप) बसवून, क्रँक हाताने फिरवून बेलहाउसिंगचं भोक मध्यावर आहे का ते मोजा. काटा पूर्ण फेरीत ०.१३ मिमीच्या आत हलला तर ठीक. प्रत्यक्ष सरक याच्या निम्मी असते, जास्त आली तर ती ऑफसेट डावेल पिनने (मध्य सरकवलेल्या, कवच जागेवर धरणाऱ्या खुंट्यांनी) काढतात. हे न मोजता बसवलेला बॉक्स पहिल्या दिवशी छान चालतो, मग पायलट बेअरिंग खातो, आणि पुढे गिअर सुटायला लागतात.

गाडी मुख्यतः हायवेवरच पळणार असेल आणि कोन मोजत पॅकिंग घालत बसायची चिकाटी असलेला मेकॅनिक हाताशी असेल, तर पाचवा गिअर मोहात पाडेल आणि मी अडवणार नाही. एरवी मला तरी तो सौदा महाग वाटतो. काहीही ठरवा, जुना बॉक्स सोडवण्याआधी गाडी चारही चाकांवर उभी असताना बॉक्सचा, शाफ्टचा आणि डिफरन्शियलचा कोन लिहून ठेवा. जॅकवर, मागची चाकं लोंबकळत असताना घेतलेले आकडे उपयोगाचे नाहीत.