ट्रिस्ट्रम शँडी: एवढा आचरटपणा आणि एवढी माया, एकाच पुस्तकात

लॉरेन्स स्टर्नचं ‘ट्रिस्ट्रम शँडी’ (अठराव्या शतकातली इंग्रजी कादंबरी) मी दोनदा अर्धवट सोडलं होतं, तिसऱ्यांदा पूर्ण वाचलं आणि आता राहवत नाही म्हणून लिहितेय. आधी सोडलं कारण मी गोष्ट शोधत होते. हिरो म्हणतो माझं सगळं आयुष्य सांगतो, आणि सुरुवात करतो पार आईबापाच्या त्या रात्रीपासून, जेव्हा नको त्या क्षणी आईला आठवतं की घड्याळाला चावी द्यायची राहिली का, आणि तिथून जो फाटे फोडत सुटतो तो तिसऱ्या खंडापर्यंत जन्मालाच येत नाही. प्रस्तावनासुद्धा तिसऱ्या खंडात मध्येच कुठेतरी. चौथ्या खंडात तो हिशेब मांडतो की लिहायला लागून वर्ष झालं आणि मी अजून आयुष्याच्या पहिल्याच दिवसावर आहे, म्हणजे लिहायचे ३६४ दिवस आणखी वाढले, जितकं लिहीन तितकं मागे पडणार. हे वाचलं आणि मी पुढे काय होतं हे विचारणं सोडून दिलं, मग पुस्तक एकदम मोकळं झालं.

आपल्याकडे खूळ म्हणून शब्द आहे ना, एखाद्याच्या डोक्यात खूळ शिरलं की तो जेवताखाता तेच बोलतो, ही कादंबरी अशा खुळांवरच उभी आहे. पण ती खुळं येतात कुठून हे स्टर्न दाखवतो, आणि तिथे मी हसता हसता थांबले.

ट्रिस्ट्रमच्या टोबी काकांचंच घ्या. १६९५ च्या, आताच्या बेल्जियममधल्या नामूरच्या वेढ्यात तटाचा एक दगड उडून त्यांना जांघेत लागला, चार वर्षं खोलीत पडून. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो कुठे लागलं, कसं लागलं, आणि हे सांगायला गेले की खंदक, बुरूज, तट यांच्या नावांत इतके गुंततात की ऐकणाऱ्याला कळत नाही आणि यांचं दुखणं वाढतं. मग एक नकाशा मागवतात, जरा बरं वाटतं. एकाचे दहा नकाशे होतात, किल्लेबांधणीची पुस्तकं येतात, आणि मग त्यांचा नोकर कॉर्पोरल ट्रिम, जो स्वतः गुडघ्यात गोळी लागलेला सैनिक आहे, सुचवतो की हे सगळं आपण हिरवळीवर जमिनीवरच बांधू. पुढची कित्येक वर्षं हे दोघं पेपरात आलेला प्रत्येक वेढा अंगणात मांडतात, तिकडे शहर पडलं की इकडे पडतं. तोफांसाठी शिसं कमी पडलं तर ट्रिम बाळाच्या खोलीतली सरकती खिडकी तोलून धरणारी शिशाची वजनं काढून वितळवतो, आणि मग ती खिडकी धाडकन कुठे पडते ते तुम्हीच वाचा, बिचारा ट्रिस्ट्रम! १७१३ चा तह होऊन लढाई संपते तेव्हा सगळा देश खूश आणि आपले काका हिरमुसलेले. लांबून बघितलं तर निव्वळ पोरखेळ, पण मला तर तो जखमेवर बांधलेली पट्टी वाटतो.

आणि त्यातून तो सीन येतो. विधवा वॅडमनबाईंना काकांशी लग्न करायचंय, फक्त जखम नेमकी कुठे आहे ते त्यांना कळायला हवं (पहिल्या नवऱ्याच्या दुखण्याने गांजलेल्या असतात, त्यामुळे त्यांचं काही चूक नाही). काका म्हणतात, बाई, ती जागा तुम्हाला दाखवतो, हात लावून बघा. बाई लाजून लाल. काका नकाशा मागवतात आणि बाईंचं बोट धरून नामूरच्या तटावर ठेवतात. मी हसून हसून पुस्तक मिटलं, आणि मग वाटलं की या माणसाला खरंच दुसरं उत्तर येत नाही, त्याच्यासाठी ‘कुठे लागलं’ म्हणजे नामूरच.

काकांचा मोठा भाऊ वॉल्टर, म्हणजे ट्रिस्ट्रमचा बाप, वेगळ्या जातीचा. माणसाचं नशीब नावाने आणि नाकाने ठरतं यावर त्याचा विश्वास. डॉक्टर स्लॉप बाळंतपणाच्या चिमट्याने बाळाचं नाक चेपवतो, म्हणून बाप ट्रिस्मेजिस्टस असं भारदस्त नाव ठरवतो, आणि निरोप नेणारी सुझाना ते अर्धं विसरते, त्यामुळे बाळाला नेमकं बापाला सगळ्यात नावडतं नाव मिळतं. मुलाला कसं वाढवायचं यावर बाप ग्रंथ लिहायला बसतो, तर लिहून होईपर्यंत मुलगाच त्या पानांच्या पुढे निघून जातो. मला सगळ्यात लागलं ते पाचव्या खंडातलं. थोरला मुलगा गेल्याची बातमी येते आणि वॉल्टर मृत्यूवर जुन्या पंडितांची वचनं म्हणत इतका रंगतो की मुलगा गेलाय हेच विसरतो. खाली स्वयंपाकघरात ट्रिम ‘आत्ता होतो आणि गेलो’ म्हणत नुसती टोपी हातातून जमिनीवर सोडतो, आणि सगळे नोकर रडायला लागतात. विद्वत्ता वर बडबडतेय, खाली एक टोपी पडते. केवढा मोठा लेखक आहे हा!

स्टर्न स्वतः यॉर्कशरमधला पाद्री, क्षयाने आजारी. पहिले दोन खंड १७५९ ला, नववा १७६७ ला, आणि १७६८ मध्ये तो गेला. सातव्या खंडात निवेदक मृत्यूला चुकवायला फ्रान्सभर पळत सुटतो ते हे माहीत असल्यावर वेगळंच वाचलं जातं. त्या काळचा मोठा इंग्रज समीक्षक सॅम्युअल जॉन्सन १७७६ मध्ये म्हणाला होता की विचित्र गोष्टी फार टिकत नाहीत, ट्रिस्ट्रम शँडी टिकलं नाही. मला वाटतं तिथे तो साफ चुकला.

कंटाळा येतो का, तर येतो. चौथ्या खंडाच्या सुरुवातीची नाकाची लांबलचक कथा मी आजही भरभर उलटते, काही चावट सूचना तर तळटीपांशिवाय कळतच नाहीत. त्यामुळे चांगल्या टिपा असलेलीच आवृत्ती घ्या.

आणि प्लीज छापील घ्या. मी आधी एक ई-बुक घेतलं होतं, त्यात योरिकच्या (कादंबरीतला पाद्री) मृत्यूनंतरचं पूर्ण काळं पान गायबच होतं, नुसता पुढचा परिच्छेद सुरू. तिसऱ्या खंडात रंगांचे ओघळ असलेलं एक पान आहे, पहिल्या आवृत्तीत ते हाताने रंगवलेलं होतं म्हणजे प्रत्येक प्रतीत वेगळं, ते काही ठिकाणी करड्या डागासारखं छापतात, म्हणून घेण्याआधी उघडून बघा. सहाव्या खंडात एक कोरं पान आहे, वॅडमनबाई तुम्हाला दिसतात तशा काढा म्हणून वाचकासाठी सोडलेलं. माझ्या प्रतीत त्यावर भाचीने पेन्सिलने एक बाई काढलीय, तिला गोष्ट माहीत नव्हती, मी फक्त सांगितलं की एका काकांना आवडणारी बाई काढ. तिने बाईच्या हातात टॉर्च दिलाय.